सत्तरी पार आई-बाबांचं आयुष्मान वय वंदना कार्ड: इंदूरात कसं काढायचं, काय लागतं

आपल्या राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, सुदामा नगर भागात कितीतरी आजी-आजोबा अजून म्हणतात की आयुष्मान म्हणजे सरकारची मोफत उपचारांची योजना गरिबांसाठी, आपल्याला पेन्शन आहे, घर आहे, आपल्याला कोण देणार. तर असं नाहीये हो! २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं किंवा जास्त वय असलेल्या प्रत्येकाला हे कार्ड मिळतं, उत्पन्न कोणी विचारत नाही.

मिळतं काय, तर वर्षाला ५ लाखांपर्यंत भरती होऊन कॅशलेस उपचार. नवरा-बायको दोघं सत्तरीच्या वर असले तर हे ५ लाख दोघांत मिळून. घरात आधीपासून आयुष्मान असेल तरी ज्येष्ठांचे हे ५ लाख वेगळे, सुना-नातवंडांच्या वाट्यातून जात नाहीत. जुनी शुगर, बीपी, हार्टचा त्रास असला तरी पहिल्या दिवसापासून चालतं. पण भरती न होता नुसतं डॉक्टरला दाखवून गोळ्या आणल्या तर तो खर्च यात येत नाही, हे आधीच सांगून ठेवा नाहीतर नंतर घरात वाद होतात.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचं सीजीएचएस किंवा माजी सैनिकांचं ईसीएचएस असेल तर ते किंवा हे कार्ड, एकच ठेवता येतं. प्रायव्हेट मेडिक्लेम किंवा कामगार विम्याचं ईएसआयसी असेल तर काही अडचण नाही, दोन्ही चालतात.

डॉक्युमेंट म्हणाल तर मुख्य आधार, वय त्याच्यावरूनच धरतात. मोबाइल आधारला लिंक असला की ओटीपीने काम झटकन होतं. आपल्या एमपीत सगळीकडे समग्र आयडी, म्हणजे राज्य सरकारचा कुटुंबाचा आणि माणसाचा ओळख नंबर, विचारतात, म्हणून घरच्यांचा ८ आकडी आणि आजोबांचा स्वतःचा ९ आकडी नंबर दोन्ही कागदावर लिहून जवळ ठेवा.

घरूनच करायचं तर आयुष्मान ॲप घ्या, बेनिफिशियरी म्हणून लॉगिन करा, ७० प्लसचा पर्याय निवडा, आधार नंबर, ओटीपी, मग ई-केवायसी म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, आणि तिथल्या तिथे फोटो. खरं अडतं ते सेंटरवर ठसे देऊन ओळख पटवताना. आयुष्यभर भांडी-धुणी केलेल्या आजीच्या बोटांचे ठसे मशीन घेतच नाही, ती बिचारी पदराला बोट पुसून पुसून परत ठेवते आणि स्क्रीनवर लाल अक्षरं, अशा वेळी ऑपरेटरला स्पष्ट सांगा की दादा फेस किंवा डोळ्याने करा, ते ऑप्शन असतात, म्हाताऱ्या माणसाला उद्या या म्हणून परत पाठवू देऊ नका. ॲप जमत नसेल तर कॉमन सर्विस सेंटर किंवा योजनेतल्या हॉस्पिटलातले आयुष्मान मित्र, म्हणजे मदतीला बसवलेले कर्मचारी, करून देतात.

आधारवर जन्मतारीख चुकली असेल तर ती आधी सुधारा, पासपोर्ट किंवा जुनी दहावीची मार्कशीट शोधा, आणि नीट बघून करा कारण जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते.

कार्ड देशभर चालतं, म्हणजे पुण्याला लेकीकडे गेलेली आजी तिथेही भरती होऊ शकते, फक्त हॉस्पिटल योजनेच्या लिस्टमध्ये हवं. लिस्ट आणि तो आजार तिथे कव्हर आहे का हे १४५५५ वर फोन करून विचारा, आणि लिस्टमधलं हॉस्पिटल कव्हर असलेल्या उपचाराला पैसे मागत असेल तर तक्रारही तिथेच होते. कार्डाचं पीडीएफ घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये टाकून ठेवा, रात्री-बेरात्री कोण सोबत असेल सांगता येत नाही.