अमेरिकेतल्या विद्यापीठ समुपदेशन केंद्रात इंटर्नशिप: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा क्रम

अमेरिकेत समुपदेशनाचं मास्टर्स करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत एक गोष्ट वारंवार घडते. विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्राची जाहिरात दिसते, अर्ज जातो, मुलाखत चांगली होते, होकारही येतो. आणि सेमिस्टर तोंडावर आल्यावर कळतं की आपल्या विभागाला हवे तेवढे तास तिथे भरतच नाहीत, किंवा करार कुणाच्या तरी सहीसाठी अडकलाय. म्हणून सुरुवात केंद्राच्या वेबसाइटपासून नको, स्वतःच्या विभागाच्या फील्ड हँडबुकपासून (प्रत्यक्ष कामाच्या अटींच्या पुस्तिकेपासून) करा. केंद्र तुम्हाला निवडेल किंवा नाही निवडणार. पण ती जागा तुमच्या पदवीसाठी चालते का, हे विभागच ठरवतो.

प्रॅक्टिकम, इंटर्नशिप आणि डॉक्टरेटची इंटर्नशिप

तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि जाहिरातीत तिन्हींना सरसकट ‘ट्रेनी’ म्हटलेलं असू शकतं. समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या केक्रेपची सध्याची मानकं १ जुलै २०२४ पासून लागू आहेत. त्यानुसार प्रॅक्टिकम, म्हणजे इंटर्नशिपआधीचं देखरेखीखालचं पहिलं काम, किमान १०० तासांचं, त्यातले किमान ४० तास प्रत्यक्ष क्लायंटसोबत. प्रॅक्टिकम पूर्ण झाल्यावर इंटर्नशिप: किमान ६०० तास, त्यातले किमान २४० प्रत्यक्ष. ही किमान मर्यादा आहे. तुमचा विभाग जास्त मागू शकतो आणि परवाना देणारं राज्याचं बोर्डही. सोशल वर्कच्या मास्टर्सला हिशेब वेगळा, तिथे फील्डचे किमान ९०० तास लागतात. डॉक्टरेटच्या इंटर्नशिपबद्दल पुढे, व्हिसाच्या भागात.

बरीच केंद्रं ऑगस्ट ते मे असं पूर्ण वर्ष देणाराच इंटर्न घेतात. कारण साधं आहे. नव्या माणसाला तयार करण्यात पहिले काही आठवडे जातात आणि एका सेमिस्टरसाठी ती मेहनत केंद्राला परवडत नाही. तुमची इंटर्नशिप जानेवारीत सुरू होणार असेल तर अर्जाआधीच ईमेल करून विचारा.

तासांचं गणित

इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात, म्हणून जरा सविस्तर.

दोन सेमिस्टर म्हणजे साधारण ३० आठवडे. ६०० भागिले ३० म्हणजे आठवड्याला २० तास, आणि २४० भागिले ३० म्हणजे आठ प्रत्यक्ष तास. कागदावर सोपं दिसतं. पण पहिले दोन आठवडे प्रशिक्षणात जातात. थँक्सगिव्हिंग, स्प्रिंग ब्रेक आणि दोन्ही परीक्षांच्या आठवड्यांत क्लायंट कमी होतात किंवा येतच नाहीत. हिवाळी सुट्टीत कॅम्पस रिकामा असतो. प्रत्यक्ष कामाचे आठवडे उरतात २४ च्या आसपास, म्हणजे आठवड्याला दहा तास हवेत. त्यात न येणारे क्लायंट धरा. पाचातली एक अपॉइंटमेंट रद्द होते असं समजलं, तरी दहा तास मिळायला आठवड्याला बारा-तेरा अपॉइंटमेंट लावाव्या लागतात. क्लायंट न आल्यावर तुम्ही खोलीत बसून काढलेला तास प्रत्यक्ष तासात धरला जात नाही.

नोंदी लिहिणं, सुपरव्हिजन (अनुभवी समुपदेशकासोबत आपल्या कामाचा आढावा), दुसऱ्याचं सत्र बघणं, रोल-प्ले, कार्यालयीन काम यांतलं काहीच केक्रेपच्या व्याख्येनुसार प्रत्यक्ष सेवा नाही. हे सगळं ६०० मध्ये येतं, २४० मध्ये नाही. ग्रुप, म्हणजे अनेक क्लायंटचं एकत्र सत्र, मात्र धरला जातो. दीड तासाचा ग्रुप सहकाऱ्यासोबत चालवला तर दीड तास मिळतो. शिवाय प्रॅक्टिकम किंवा इंटर्नशिपमध्ये एकदा तरी ग्रुप चालवणं किंवा त्यात सह-नेतृत्व करणं हीसुद्धा अट आहे. विद्यापीठ केंद्रात ग्रुप बऱ्याचदा सप्टेंबरच्या शेवटी जमतात, कारण आधी नावनोंदणी आणि मग प्रत्येकाशी प्राथमिक बोलणं होतं. ऑगस्टपासूनच ग्रुपचे तास धरून बसू नका.

मुलाखतीत विचारण्यासारखा सगळ्यात उपयोगी प्रश्न हाच: गेल्या वर्षीच्या इंटर्नचे प्रत्यक्ष तास किती झाले? ज्या केंद्रात नोंद नीट ठेवली जाते, तिथे याचं उत्तर लगेच मिळतं.

पात्रता

समुपदेशन कौशल्यं, नीतिनियम आणि निदान हे विषय झालेले असावेत अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. अर्जाच्या वेळी एखादा विषय चालू असेल तर ‘मे महिन्यात पूर्ण होईल’ असं स्पष्ट लिहा. लपवलं तर ट्रान्सक्रिप्टमध्ये दिसतंच. विभागाकडून ‘हा विद्यार्थी क्लिनिकल कामासाठी तयार आहे’ असं पत्र लागू शकतं.

एक अट अनेकांच्या लक्षात येत नाही. त्याच केंद्रात तुम्ही स्वतः क्लायंट म्हणून जात असाल किंवा नुकतेच गेला असाल, तर बहुतेक ठिकाणी तुम्हाला घेता येत नाही. काही ठिकाणी ठरावीक काळ मध्ये जावा लागतो. त्यामागे तुमच्याविषयी शंका नसते. तुमच्या नोंदी त्याच यंत्रणेत असतात आणि तुमचा समुपदेशक उद्या तुमचा सुपरव्हायझर होऊ शकतो, हे तुमच्याच हिताच्या विरुद्ध आहे. स्वतःसाठी मदत घेणं मात्र थांबवू नका, फक्त कॅम्पसबाहेर घ्या. या कामात ती लागते.

कागदपत्रं

- सीव्ही, दोन पानांपर्यंत. हेल्पलाइन, निवासी सहायक, शिकवणी, मराठी-हिंदी येणं, हे सगळं लिहा.
- कव्हर लेटर, त्या केंद्रासाठी वेगळं लिहिलेलं.
- मास्टर्सचं ट्रान्सक्रिप्ट. अर्जाला बहुधा अनधिकृत प्रत चालते.
- दोन किंवा तीन शिफारसी, त्यातली किमान एक तुमचं क्लिनिकल काम किंवा रोल-प्ले पाहिलेल्या प्राध्यापकांची.
- विभागाचं तयारीचं पत्र आणि तासांच्या अटींचं पान.
- आठवड्याचं वेळापत्रक: कोणत्या दिवशी किती ते किती मोकळे आहात.

वेळापत्रकाचं पान दिसायला क्षुल्लक, पण निवडीत त्याला वजन असतं. केंद्रात समुपदेशनाच्या खोल्या मोजक्या असतात आणि कर्मचाऱ्यांची बैठक किंवा इंटर्नचं प्रशिक्षण आठवड्याच्या एका ठरलेल्या वेळेला होतं. त्याच वेळी तुमचा वर्ग असेल तर चांगला अर्जसुद्धा बाजूला पडतो. जाहिरातीत ती वेळ बऱ्याचदा दिलेली असते, तेवढी बघून मगच पुढच्या सेमिस्टरचे विषय नोंदवा.

कव्हर लेटरमध्ये ‘मला लोकांना मदत करायला आवडतं’ हे वाक्य वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. त्याऐवजी कॉलेजवयीन मुलांसोबतच काम का करायचं, मोजक्याच सत्रांत काम करण्याच्या पद्धतीबद्दल काय वाटतं, कोणत्या बाबतीत तुम्ही अजून कच्चे आहात आणि सुपरव्हिजनमधून काय हवंय, हे लिहा. क्लायंटचं उदाहरण देत असाल तर फक्त नाव काढून भागत नाही. ‘रसायनशास्त्रात पीएचडी करणारी, टेनिस खेळणारी, नेपाळहून आलेली’ एवढ्यावरून छोट्या कॅम्पसमध्ये माणूस ओळखता येतो, आणि तुमचं पत्र वाचणारा समितीतला कुणीतरी ती व्यक्ती ओळखत असू शकतो.

मुलाखत

ऑगस्टच्या जागांसाठी अर्ज साधारण आधीच्या हिवाळ्यात घेतले जातात आणि मुलाखती वसंत सेमिस्टरमध्ये होतात. नेमकी तारीख प्रत्येक केंद्राची वेगळी. मुलाखतीत एखादी काल्पनिक केस देतात, आणि ती बहुधा आत्महत्येच्या विचारांची असते. इथे पाठ केलेली उत्तरं चालत नाहीत. क्लायंटला थेट, स्पष्ट शब्दांत विचारणार. विचार, योजना, साधनं आणि आधीचे प्रयत्न यांची माहिती घेणार. आणि क्लायंट खोलीतून जाण्याआधी सुपरव्हायझरला गाठणार, हा क्रम सांगता आला पाहिजे. तिसरी गोष्ट सांगायची राहते आणि तीच सगळ्यात महत्त्वाची. ट्रेनीने असा निर्णय एकट्याने घ्यायचा नसतो.

सुपरव्हायझरबद्दलही विचारा. केक्रेपच्या अटीप्रमाणे त्यांच्याकडे किमान मास्टर्स, चालू परवाना किंवा प्रमाणपत्र, पदवीनंतरचा किमान दोन वर्षांचा अनुभव आणि सुपरव्हिजनचं प्रशिक्षण हवं. आठवड्याला सरासरी एक तास वैयक्तिक किंवा दोन विद्यार्थ्यांची मिळून सुपरव्हिजन, आणि त्याशिवाय सरासरी दीड तासाची ग्रुप सुपरव्हिजन लागते. ही ग्रुप सुपरव्हिजन बहुधा तुमचा विभाग घेतो. सुपरव्हायझर मध्येच रजेवर गेले तर पर्यायी व्यक्ती कोण, हे करारातच लिहून घ्या.

होकारानंतरचे कागद

*करार.* तुमचं विद्यापीठ आणि केंद्राचं विद्यापीठ वेगळं असेल तर दोघांमध्ये संलग्नता करार लागतो. तो दोन्हीकडच्या कायदा विभागांतून फिरतो आणि एका कलमावरून महिनाभर थांबू शकतो. होकार आला त्याच आठवड्यात विभागाच्या फील्ड समन्वयकाला कळवा. याशिवाय तुम्ही, सुपरव्हायझर आणि प्राध्यापक यांच्यातला सुपरव्हिजन करार वेगळा असतो. दोन्हींवर सह्या होईपर्यंत एकही क्लायंट घ्यायचा नाही. आधी केलेले तास धरले न जाण्याचा धोका असतो आणि विम्याचाही प्रश्न येतो.

*व्यावसायिक दायित्व विमा.* विद्यापीठाचा असला तरी स्वतःच्या नावावरचा लागतो. अनेक ठिकाणी एका दाव्याला दहा लाख आणि वर्षाला तीस लाख डॉलरचं संरक्षण मागतात. प्रमाणपत्रावरचं नाव पासपोर्टशी जुळलं पाहिजे. आपल्याकडे वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून कधी येतं, कधी गळतं, आणि पार्श्वभूमी तपासणीत नेमकं तिथेच अडतं. सगळीकडे एकच रूप वापरा.

*आरोग्य तपासणी.* केंद्र विद्यापीठाच्या दवाखान्याचा भाग असेल तर गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचा पुरावा आणि क्षयरोगाची चाचणी मागू शकतात. भारतात लहानपणी बीसीजी घेतली असेल तर त्वचेवरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग एक्स-रेच्या फेऱ्या सुरू होतात. त्याऐवजी क्षयरोगासाठीची रक्ताची आयजीआरए चाचणी मागा.

*सीपीटी.* एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर इंटर्नशिपला मानधन नसलं तरी सीपीटी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची परवानगी) लागते का, हे डीएसओला, म्हणजे विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या अधिकाऱ्याला, लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. सीपीटी लागत असेल तर ती आय-२० वर (विद्यापीठ देतं त्या विद्यार्थी दर्जाच्या कागदावर) छापून आल्यावरच, आणि त्यावरच्या तारखेपासूनच काम सुरू करायचं. एक दिवस आधीचं प्रशिक्षणसुद्धा नको. आठवड्याला २० तासांपर्यंत अर्धवेळ, त्याहून जास्त पूर्णवेळ. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा जास्त झाली की त्या पातळीवरची ओपीटी, म्हणजे पदवीशी निगडित काम करण्याची वेगळी परवानगी, जाते. मानसशास्त्रात डॉक्टरेट करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवायचं, कारण त्यांची इंटर्नशिपच बहुधा वर्षभराची आणि २००० तासांच्या आसपासची असते. त्यांची प्रक्रियाही वेगळी: अॅपिक या संस्थेचा सामायिक अर्ज, मग मुलाखती, मग पसंतीक्रम आणि फेब्रुवारीत मॅच, म्हणजे पसंतीक्रमांवरून जागावाटप. मॅच बंधनकारक असते, म्हणून जिथे जायचंच नाही ती जागा यादीत टाकू नका. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांना अमेरिकन नागरिकत्व लागतं. परदेशी विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठ केंद्रं म्हणूनच जास्त महत्त्वाची ठरतात.

काम सुरू झाल्यावर

पहिल्याच सत्रात क्लायंटला सांगायचं असतं की आपण ट्रेनी आहोत, आपला सुपरव्हायझर कोण आहे, आणि रेकॉर्डिंग होणार असेल तर ते कोण बघेल, किती दिवस ठेवलं जाईल. संमती लेखी घ्या. क्लायंटने नकार दिला तर त्याला मनवू नका; त्याला दुसऱ्या समुपदेशकाकडे पाठवता येतं. रेकॉर्डिंग केंद्राच्याच सुरक्षित यंत्रणेत ठेवायचं. स्वतःच्या फोनमध्ये किंवा खासगी ड्राइव्हवर टाकलेली एक फाइलसुद्धा इंटर्नशिप संपवू शकते.

मराठी किंवा हिंदी येते म्हणून केंद्र तुमच्याकडे भारतीय विद्यार्थी पाठवू पाहील. त्या विद्यार्थ्याला आपल्या भाषेत बोलता येणं ही खरोखर मोठी गोष्ट आहे. पण दोन गोष्टी आधी ठरवा. सत्र मराठीत झालं आणि सुपरव्हायझरला मराठी कळत नसेल, तर रेकॉर्डिंगवरून सुपरव्हिजन कशी होणार? काही केंद्रं ठरावीक भागाचं भाषांतर मागतात, काही इंग्रजीतच सत्र घ्यायला सांगतात. दुसरं, भारतीय विद्यार्थी संघटनेच्या कार्यक्रमात तुम्ही दोघं समोरासमोर येणारच. रूममेट, त्याचा मित्र, एकाच व्हॉट्सअॅप ग्रुपमधले लोक, अशा ओळखी असतील तर केस स्वीकारण्याआधी सुपरव्हायझरला सांगा. बाहेर भेट झाली तर क्लायंटने ओळख दाखवल्याशिवाय आपण दाखवायची नाही, हे पहिल्या सत्रातच बोलून घ्या.

तासांची नोंद रोजच्या रोज करा, आठवड्याने नाही. सुपरव्हायझरची सही दर महिन्याला घ्या; मेमध्ये सगळ्या सह्या एकदम घ्यायला जाल तेव्हा सुपरव्हायझर रजेवर असू शकतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला प्रत्यक्ष तास ८० च्या खाली असतील तर तेव्हाच सांगा. अजून एखादा ग्रुप किंवा पहिल्या भेटींची एखादी पाळी देऊन केंद्राला ती तूट भरून काढता येते. एप्रिलमध्ये येत नाही.

शेवटच्या दिवशी सही झालेल्या तासांच्या नोंदी, मूल्यमापनं, सुपरव्हायझरचा परवाना क्रमांक आणि ईमेल यांच्या प्रती स्वतःकडे घ्या. क्लायंटच्या नोंदींची एकही प्रत नको. परवान्यासाठी अर्ज कराल तेव्हा बोर्ड हे कागद मागू शकतं, आणि तोपर्यंत सुपरव्हायझर कदाचित दुसऱ्या राज्यात गेलेले असतील.