मार्क नॉफ्लर

मार्क नॉफ्लर (जन्म : १२ ऑगस्ट १९४९) हे ब्रिटिश रॉक संगीतातील अग्रगण्य गिटारवादक, गायक व गीतकार असून ‘डायर स्ट्रेट्स’ या बँडचे प्रमुख म्हणून ते जगभर ओळखले जातात. त्यांचा जन्म स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे झाला; बालपण मात्र इंग्लंडच्या ईशान्य भागात, न्यूकॅसलजवळच्या ब्लाइद या बंदराच्या गावी गेले. त्यांचे वडील हंगेरीतून आश्रयाला आलेले ज्यू वास्तुविशारद होते. संगीताला पूर्णवेळ वाहून घेण्यापूर्वी नॉफ्लर यांनी लीड्स येथे ‘यॉर्कशर ईव्हनिंग पोस्ट’ या दैनिकात वार्ताहर म्हणून काम केले, १९७३ मध्ये लीड्स विद्यापीठातून इंग्रजी विषयाची पदवी घेतली आणि पुढे काही वर्षे अध्यापन केले. बातमीदाराची ही नजर त्यांच्या गीतलेखनातून कधीच गेली नाही.

१९७७ मध्ये धाकटे भाऊ डेव्हिड, बासवादक जॉन इल्स्ली आणि ड्रमवादक पिक विदर्स यांच्यासह त्यांनी लंडनमध्ये बँड उभा केला. चौघांची पैशांची ओढाताण चालू होती आणि बँडच्या नावातही तीच आली; ‘डायर स्ट्रेट्स’ म्हणजे बिकट अडचण. त्यांनी ध्वनिमुद्रित केलेली नमुना-फीत रेडिओ-निवेदक चार्ली जिलेट यांनी बीबीसी रेडिओ लंडनवर वाजवली आणि ध्वनिमुद्रिका कंपन्यांचे लक्ष या बँडकडे गेले. तिच्यातील ‘सुलतान्स ऑफ स्विंग’ हे गीत रिकाम्या पबमध्ये मन लावून जॅझ वाजवणाऱ्या हौशी वादकांविषयी आहे. इंग्लंडमध्ये पंक या आक्रमक, कर्कश रॉक संगीताचा गलका ऐन भरात असताना हे संयत, स्वच्छ सुरांचे गीत आले आणि १९७९ मध्ये अमेरिका व ब्रिटन या दोन्ही देशांत पहिल्या दहा गीतांत पोहोचले.

नॉफ्लर यांच्या वादनाचे वेगळेपण त्यांच्या उजव्या हातात आहे. ते डावखुरे असूनही गिटार उजव्या हाताने वाजवतात आणि इलेक्ट्रिक गिटारवरही बहुधा पिक (तारा छेडण्याची छोटी पट्टी) न वापरता अंगठा, तर्जनी व मधले बोट यांनी तारा छेडतात. ही पद्धत मुळात लोकसंगीत आणि कंट्री (अमेरिकी ग्रामीण) संगीतातील अकूस्टिक, म्हणजे विजेविना वाजणाऱ्या गिटारीच्या वादकांची. ती फेंडर स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारवर आणल्यामुळे प्रत्येक स्वराचा जोर आणि पोत बोटांच्या दाबाने बदलता येतो. त्यांचा आवाज खर्जाकडे झुकणारा आणि गायनापेक्षा बोलण्याला जवळचा आहे; त्याची मर्यादा त्यांनी गिटारने भरून काढली. गाण्याची ओळ संपते तेथून गिटार उत्तर देऊ लागते, आणि हे उत्तर बहुतेक वेळा दोन-चार स्वरांतच आटोपते. रॉकमध्ये वेगाला मान असलेल्या काळात त्यांनी स्वरांमधील मोकळ्या जागेला महत्त्व दिले, हे त्यांचे खरे योगदान मानावे लागेल.

‘मेकिंग मूव्हीज’ (१९८०) व ‘लव्ह ओव्हर गोल्ड’ (१९८२) या अल्बमांतून त्यांची गीते अधिक लांब व कथनपर होत गेली. कॅरिबियनमधील माँतसेरात बेटावर बव्हंशी ध्वनिमुद्रित झालेला ‘ब्रदर्स इन आर्म्स’ (१९८५) हा त्यांच्या लौकिकाचा कळस ठरला. सीडी हे माध्यम नवे असताना त्या स्वरूपात दहा लाख प्रती खपलेला तो पहिला अल्बम होय. त्यातील ‘मनी फॉर नथिंग’ हे गीत न्यूयॉर्कमधील घरगुती उपकरणांच्या दुकानात कानावर पडलेल्या एका कामगाराच्या बोलण्यावरून सुचले. या यशाचा आणि प्रचंड दौऱ्यांचा ताण मात्र नॉफ्लर यांना मानवला नाही. १९९१ मधील अल्बम व त्यानंतरचा प्रदीर्घ दौरा यांनंतर बँड थांबला. तो पुन्हा उभा करण्याच्या सूचना त्यांनी सातत्याने नाकारल्या, आणि पुढील संगीत पाहता हा निर्णय योग्यच होता.

बँडच्या काळातच त्यांनी ‘लोकल हीरो’ (१९८३) आणि ‘द प्रिन्सेस ब्राइड’ (१९८७) या चित्रपटांना संगीत दिले, बॉब डिलन यांच्या ‘इन्फिडेल्स’ या अल्बमची निर्मिती केली आणि कंट्री गिटारवादक चेट ॲटकिन्स या आपल्या आदर्शाबरोबर अल्बम केला. ‘गोल्डन हार्ट’ (१९९६) पासून त्यांची एकल कारकीर्द सुरू झाली. ‘सेलिंग टू फिलाडेल्फिया’ (२०००) या अल्बमचे शीर्षकगीत अमेरिकेतील प्रसिद्ध सीमारेषा आखणाऱ्या मेसन व डिक्सन या मोजणीकारांवर असून त्यात जेम्स टेलर हे त्यांचे सहगायक आहेत. कंट्री गायिका एमीलू हॅरिस यांच्याबरोबरचा अल्बम २००६ मध्ये आला. कॅसेटच्या काळापासून भारतातही त्यांचा मोठा चाहतावर्ग असून २००५ मध्ये त्यांनी मुंबई व बंगळूरू येथे कार्यक्रम केले.

जानेवारी २०२४ मध्ये लंडनच्या क्रिस्टीज या लिलावसंस्थेत त्यांच्या संग्रहातील १२० हून अधिक गिटारींचा लिलाव झाला; त्यातून ८० लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी राहिली व तिचा चौथा हिस्सा धर्मादाय संस्थांना देण्यात आला. त्याच वर्षी ‘वन डीप रिव्हर’ हा त्यांचा अल्बम प्रसिद्ध झाला.