साखर, वेदना आणि टाके : सर्जिकल वॉर्डातल्या सिस्टरांच्या कामाची पार्श्वभूमी

पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या सर्जिकल वॉर्डात हर्नियासाठी किंवा पित्ताशयातल्या खड्यांसाठी दाखल झालेल्या पन्नाशीपुढच्या पेशंटच्या केसपेपरवर मधुमेहाची नोंद दिसली, तर आता कुणाला नवल वाटत नाही. अशा पेशंटची शुगर, दुखणं आणि टाके या तिन्हींवर सिस्टरांना एकाच वेळी लक्ष ठेवावं लागतं. ही कामं एका खाटेपाशी आली ती वेगवेगळ्या काळात. नवं औषध किंवा नवी पद्धत आली, की तिच्यावर नजर ठेवायचं काम नर्सच्या वाट्याला आलं. निर्णयाचा अधिकार फार मागून आला, बराचसा अजून यायचाच आहे.

ससून रुग्णालय डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभं राहिलं आणि १८६७ मध्ये सुरू झालं. पुढची कित्येक दशकं तिथे आणि देशातल्या अशा इतर रुग्णालयांत नर्स म्हणजे मुख्यतः युरोपियन, अँग्लो-इंडियन किंवा ख्रिस्ती बाई. पांढरपेशा हिंदू घरातल्या बाईने परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कुणाही जातीच्या माणसाची घाण काढायची आणि रात्रपाळीला घराबाहेर राहायचं, हे त्या समाजाला सोसणारं नव्हतं. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी मुलगा डॉ. यशवंत यांच्यासोबत हडपसरजवळ रुग्णांची शुश्रूषा केली. एका आजारी मुलाला उचलून आणताना त्यांनाच लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. पण ते व्रत होतं. पगार, परीक्षा आणि प्रमाणपत्र असलेला पेशा म्हणून शुश्रूषेकडे पाहायला पुणं अजून तयार नव्हतं.

ते दार ढकललं रमाबाई रानडे यांनी. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं आणि काही वर्षांतच तिथल्या बायका नर्सिंग आणि सुईणपणाच्या शिक्षणासाठी ससूनमध्ये जाऊ लागल्या. त्यांत विधवा बऱ्याच होत्या. घरात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आयुष्य काढायचं, की वॉर्डात उभं राहून स्वतःच्या पायावर जगायचं, असा तो प्रश्न होता. गावात कुजबुज झाली, टीका झाली. रमाबाईंनी वाद घालत बसण्यापेक्षा राहण्याची, सोबतीची आणि शिक्षणाची चोख व्यवस्था लावली. माझ्या मते त्यांचं खरं चातुर्य यातच होतं. बदनामीचं कारण काढून घेतलं, की बोलणाऱ्यांकडे उरतं काय?

त्या काळातली शस्त्रक्रिया कशी असे, याची पुणेकरांना ठाऊक असलेली गोष्ट १२ जानेवारी १९२४ च्या रात्रीची. येरवड्याच्या तुरुंगातून महात्मा गांधींना अपेंडिक्ससाठी ससूनमध्ये हलवलं होतं. कर्नल मॅडॉक शस्त्रक्रिया करत असताना वीज गेली, नर्सच्या हातातली टॉर्चही विझली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पुरं झालं. पुढे जखमेपाशी गळू झालं आणि बरं व्हायला वेळ लागला. पेनिसिलिन यायला अजून दोन दशकं होती. शस्त्रक्रियेनंतर भरवसा ठेवायचा तो उकळलेल्या पाण्यावर, स्वच्छ ड्रेसिंगवर आणि ते बदलणाऱ्या हातांवर. इतिहासात सर्जनचं नाव राहिलं, ड्रेसिंग करणाऱ्यांचं राहत नाही.

त्याआधी दोनच वर्षं, ११ जानेवारी १९२२ ला, टोरांटोत एका चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं होतं. तोवर मधुमेही माणसावर सुरी चालवायला सर्जन कचरत, कारण जखम चिघळे आणि पेशंट बेशुद्धीत जाई. इन्सुलिनने हे बदललं, पण नर्सच्या दिवसात नव्या कामांची भर पडली. काचेची सिरिंज उकळायची, बोथट झालेली सुई दगडावर घासून धार लावायची. लघवी तपासायला बेनेडिक्टच्या ५ मिली निळ्या द्रावणात ८ थेंब टाकून तापवायचं आणि रंग बघायचा : निळा, हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी. त्या रंगावरून इन्सुलिनचा डोस ठरे. जुन्या सिस्टरांना हा क्रम झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो. अडचण अशी, की रक्तातली साखर साधारण १८० च्या पुढे गेल्याशिवाय लघवीत उतरत नाही. म्हणजे रंग सांगे ती काही तासांपूर्वीची बातमी, आणि साखर धोकादायक उतरली असेल तर काहीच कळत नसे. घाम, थरथर, बरळणं हे ओळखायला सिस्टरांचे डोळेच लागत.

१९७० नंतर बोटाच्या थेंबावर साखर मोजणारी यंत्रं जगात आली. १९७९ मध्ये ग्लुकोज, इन्सुलिन आणि पोटॅशियम एकाच बाटलीतून देण्याची पद्धत मांडली गेली, आणि दर तासा-दोन तासांनी साखर तपासणं हा शस्त्रक्रियेच्या दिवसाचा भाग झाला. २००१ मध्ये बेल्जियममधल्या एका अभ्यासामुळे अतिदक्षता विभागात साखर ८० ते ११० मध्येच ठेवायची लाट आली. २००९ मध्ये त्याहून मोठ्या अभ्यासात उलटं दिसलं : इतक्या कडक नियंत्रणात मृत्यू वाढतात. आता बहुतेक गंभीर रुग्णांसाठी १४० ते १८० पुरेसं मानतात. या आठ वर्षांत साखर उतरून गार पडलेल्या पेशंटला रात्री दोन वाजता ग्लुकोज देत कोण धावलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

पेशंट मुळात इतके का, या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा भाग रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयातून आला. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या मातांचा आणि बाळांचा अभ्यास सुरू केला. इंग्लंडमधल्या बाळांचं सरासरी वजन साडेतीन किलो, आपल्यांचं २.७. वजन कमी असूनही आपल्या बाळांच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून होती, कमी होते ते स्नायू. अशी ठेवण पुढे मधुमेहाकडे झुकते. वॉर्डाच्या भाषेत याचा अर्थ, पेशंट हडकुळा आहे म्हणून शुगर नसेल असं धरता येत नाही. अनेकांना आपला मधुमेह शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीतच पहिल्यांदा कळतो.

दुखण्याची गोष्ट सगळ्यात उशिरा सुरू झाली. पेशंट सांगेल तेवढं आणि सांगेल तेव्हा दुखतंय असं माना, हे १९६८ मध्ये मांडलं ते मार्गो मॅककॅफरी या अमेरिकन नर्सनेच. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने तीव्र वेदनेवरच्या मॉर्फिनभोवती परवान्यांचं इतकं कुंपण घातलं, की अनेक रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं. २०१४ च्या दुरुस्तीनंतर नियम सैल झाले. वारज्यात १९९७ पासून सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र कॅन्सरच्या पेशंटची वेदना सांभाळत आहे. तिथे जे शिकता येतं ते सर्जिकल वॉर्डातही हवं आहे. आपल्या आज्या टाके ओले असतानाही ‘काही नाही, थोडं ठणकतंय’ म्हणतात. शून्य ते दहापैकी आकडा विचारला तर दोन सांगतात आणि कूस बदलताना श्वास धरून ठेवतात. सिस्टरांनी आकडा लिहायचा की श्वास?

मधुमेहात हे आणखी अवघड होतं. दुखण्याच्या ताणानेच साखर चढते. काही वेदनाशामक गोळ्या आधीच थकलेल्या किडनीला झेपत नाहीत. आणि नसा बधिर झालेल्या माणसाला दुखायला हवं तिथेही दुखत नाही, अगदी हृदयविकाराचा झटकासुद्धा कधी छातीत न दुखता येतो. म्हणून शस्त्रक्रिया पोटाची असली तरी जाणत्या सिस्टर चादर वर करून टाचा बघतात. आषाढात पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा वारकऱ्यांचे पाय चोळायला शेकडो हात पुढे येतात, पण तळव्यात काटा मोडल्याचं ज्याला कळतच नाही अशा वारकऱ्याच्या पायाला चोळण्याआधी उजेडात निरखून पाहायला हवं.

घरी सोडतानाचं शिकवणं हेही आता नर्सचंच काम. भारतात बाटलीतलं इन्सुलिन अजून बहुतेक ४० युनिट ताकदीचं मिळतं, त्याची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटच्या इन्सुलिनसाठीची सिरिंज नारिंगी टोपणाची. ४० ची बाटली आणि नारिंगी टोपण अशी गाठ पडली, तर दहाच्या रेषेपर्यंत भरलेल्या सिरिंजमध्ये चारच युनिट असतात. उलट झालं तर दहाऐवजी पंचवीस जातात. डिस्चार्जच्या गडबडीत, बिलाच्या खिडकीवरून परत आलेल्या मुलाला किंवा सुनेला सिस्टर हे रिकामी सिरिंज हातात देऊन दाखवतात, आणि त्यांच्याकडून एकदा भरून घेतल्याशिवाय फाईल देत नाहीत.