तूतनखामेनचा खून झालाच नव्हता

‘प्राचीन इजिप्तचा तरुण राजा तूतनखामेन याला डोक्यात मागून घाव घालून मारलं’ असं आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. या समजाचं मूळ त्याच्या ममीच्या १९६८ च्या एक्स-रेत आहे. कवटीत हाडाचे सुटे तुकडे दिसले आणि त्याच्यानंतर गादीवर बसलेल्या ‘आय’ नावाच्या म्हाताऱ्या दरबाऱ्यावर खुनाचा आळ आला. हा आळ मला फार अन्यायाचा वाटतो.

२००५ मध्ये ममीचं सीटी स्कॅन झालं. तुकडे जिवंतपणी निखळले असते, तर ममी बनवताना कवटीत ओतलेल्या राळेत चिकटून बसले असते. ते मोकळेच होते, म्हणजे मृत्यूनंतरचे. डाव्या मांडीचं हाड मात्र गुडघ्याजवळ मोडलेलं, आणि त्या भेगेत ममी बनवताना वापरलेलं लेपनाचं द्रव्य शिरलेलं! ही जखम मरणाआधीची असावी. २०१० च्या डीएनए तपासणीत या जेमतेम एकोणीस वर्षांच्या मुलाला मलेरिया झाल्याचंही दिसलं.