पातेरा जाळून मग खत घेणाऱ्यांसाठी

दरवर्षी श्रावणात तीच तक्रार येते: "मे महिन्यात तुमचं गांडूळखत घातलं, तरी आंब्याची कलमं पिवळीच." खोदून विचारलं की कळतं, खत ओतलं बुंध्याला चिकटून, आणि त्याआधी बाग झाडून सगळा पातेरा, म्हणजे गळलेला सुका पाला, पेटवला. बाग स्वच्छ दिसते, हे खरं.

पण तो पातेरा म्हणजे झाडानं मुळांनी ओढून पानात साठवलेलं अन्न. पेटवलात की त्यातलं बहुतेक नत्र (नायट्रोजन) धुरावाटे जातं. पालाश (पोटॅश) राखेत उरतं, पण मृगाची पहिली जोरदार सर आली की राख व्हाळात, म्हणजे ओढ्यात, आणि व्हाळातून खाडीत. कालवांचं भलं होत असेल, तुमच्या हापूसचं नाही. आपल्याकडे कोकणात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उघड्या उतारावरून तो मातीही घेऊन जातो. पातेऱ्याखाली तोच मुरतो. एप्रिलमध्ये विहीर खरवडणारी मंडळीच बाग जाळतात, याचं आम्हाला नवल वाटतं.

आजोबा भाजवळ करायचे, म्हणजे पाला-फांद्या पसरून जमीन भाजायचे, असं काही जण म्हणतात. ती तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, वाफ्यापुरती असायची, अख्ख्या बागेत नव्हे.

खत पानांच्या घेराखाली मातीत मिसळा, कारण अन्न ओढणारी बारीक मुळं तिथं असतात. वर वीतभर पातेरा पसरा, बुंध्यापासून हातभर लांब, नाहीतर वाळवी चढते. नुसता सुका पातेरा मातीत गाडू नका. तो कुजवताना जीवाणू मातीतलंच नत्र उचलतात आणि झाड आणखी पिवळं पडतं. सोबत शेण किंवा गिरीपुष्पाचा पाला हवा. गिरीपुष्प हवेतलं नत्र मुळांवरच्या गाठींत बांधतं. कुंपणाला लावायच्या त्याच्या काठ्या आम्ही दहा पोत्यांमागे फुकट देतो.

काही जण विचारतात: "युरियात ४६ टक्के नत्र, तुमच्या खतात जेमतेम दीड, मग दर एवढा का?" युरिया लगेच विरघळतो आणि आपल्या पावसात बराचसा वाहून जातो. गांडूळखतातलं नत्र सावकाश सुटतं. शिवाय जांभ्याच्या मातीतलं लोह स्फुरद (फॉस्फरस) आवळून धरतं, ती पकड सेंद्रिय खतानं सैल होते. युरिया बंद करा असं आम्ही सांगत नाही, एकदम न टाकता थोडा थोडा द्या एवढंच.

पातेरा ठेवायला जागाच नसेल तर आमची गाडी येऊन घेऊन जाईल, भाडं नाही. फक्त त्यात गुटख्याच्या पुड्या आणि करवंट्या नकोत. गांडुळं त्यांना तोंड लावत नाहीत, आणि निवडत बसायला आमच्याकडे माणूस नाही.