पहिल्या बर्फातच ट्रेल दाबायचा की थांबायचं?

स्नोमोबाईलवाल्यांमध्ये (म्हणजे बर्फावर धावणाऱ्या गाड्या चालवणाऱ्यांमध्ये) एक समज वर्षानुवर्षं फिरतोय, की सीझनच्या सुरुवातीला थोडाच बर्फ पडलाय तर त्याला हात लावू नका, भरपूर साचू दे मग बर्फ दाबायचं मशीन काढा. हे चुकीचं आहे, आणि याने ट्रेलचं, म्हणजे या गाड्यांच्या बर्फातल्या वाटेचं, खरंच नुकसान होतं.

ताज्या भुसभुशीत बर्फात साधारण 90 टक्के हवाच असते आणि ती हवा जमिनीवर गोधडीचं काम करते, म्हणजे बाहेर चांगली थंडी असली तरी खालची माती सहज गोठत नाही, आणि दलदलीचा पट्टा असेल तर तिथे वरून छान पांढरं दिसतं पण खाली चिखल तसाच राहतो, मग जड ग्रूमर (ट्रेल दाबून सपाट करणारं मशीन) गेला की रुततो. तोच पहिला थर दाबला की हवा निघते, थंडी खाली उतरते, जमीन कडक होते. पुढच्या सगळ्या बर्फाला पाया मिळतो तो इथेच.

आता दाबणं म्हणजे ड्रॅगचं (मशीनमागे ओढायच्या सपाटीकरणाच्या चौकटीचं) पातं लावून खरवडणं नाही हां! पातळ थरात पातं दगड, मुळं, माती वर काढतं आणि बर्फ घाण झाला की उन्हाने लवकर वितळतो. त्यामुळे आधी रोलर किंवा हलकं मशीन, पातं नंतर.

आणि दाबल्यावर लगेच गाड्या सोडू नका प्लीज, कण एकमेकांना चिकटायला काही तास थंडी लागते, म्हणूनच हे काम रात्री करतात.