भरलेली बॅटरी, उताराचा घाट आणि ब्रेक ऑइल

विजेची गाडी घेतली की ऑइल बदलायची कटकट मिटली, असं सर्रास बोललं जातं. इंजिनापुरतं ते खरंही आहे. इंजिनच नाही, तर इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, स्पार्क प्लग कुठून असणार? पण या नादात वर्षानुवर्षं बॉनेट उघडायचंच राहून जातं. गेल्या महिन्यात शेजारच्या काकांच्या गाडीचं बॉनेट उघडलं. गाडी चार वर्षांची, रनिंग जेमतेम 20,000 किलोमीटर. ब्रेक ऑइलच्या, म्हणजे पेडलचा दाब चाकांपर्यंत नेणाऱ्या द्रवाच्या, डबीवर टॉर्च मारला. नवं ब्रेक ऑइल फिकट पिवळं असतं, हे कोऱ्या चहासारखं दिसत होतं. काका म्हणाले, "अरे, ब्रेक मी वापरतोच कुठे? पाय उचलला की गाडी आपोआप मंदावते."

काकांचं निरीक्षण बरोबर आहे. ॲक्सिलरेटर सोडला की मोटरच जनित्र बनते, चाकांची गती वीज होऊन बॅटरीत परत जाते आणि ब्रेक पॅड फारसे झिजत नाहीत. ब्रेक ऑइल मात्र वापरापेक्षा वयानं जास्त खराब होतं. ते ग्लायकॉलच्या कुळातलं रसायन आहे आणि हवेतला ओलावा ओढून घेतं. रबरी नळ्यांमधून, डबीच्या झाकणातून हा ओलावा हळूहळू आत शिरतो. गाडी नुसती उभी असली तरी शिरतो.

ओलावा शोषणारं रसायन मुद्दामच निवडलेलं आहे. आत आलेलं पाणी विरघळलं नाही, तर ते थेंबाथेंबानं कॅलिपरमध्ये, म्हणजे चाकापाशी ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागात, साचेल, तिथे गंज धरेल आणि 100 अंशांनाच उकळेल. विरघळल्यामुळे हा धोका टळतो, पण सगळ्या ऑइलचाच उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट 4 प्रकारचं नवं ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असं मानक आहे. त्यात सुमारे 3.7 टक्के पाणी मुरलं की हीच किमान मर्यादा 155 अंशांवर येते. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग पेडल पार खाली जातं आणि ब्रेक लागत नाही.

पण विजेच्या गाडीचे ब्रेक इतके तापतील कशाला? उत्तर आपल्या घाटांत आहे. समजा, पाचगणीला मुक्काम केला, हॉटेलात रात्रभर चार्जिंग लावून बॅटरी 100 टक्के भरली आणि सकाळी पसरणी घाटानं वाईकडे निघालात. उतार साडेपाचशे मीटरच्या आसपास. दीड टन वजनाची गाडी एवढी खाली आणताना दोन युनिटहून जास्त ऊर्जा मोकळी होते. टायरचं घर्षण आणि हवेचा अडथळा त्यातला काही वाटा खातात, तरी साधारण दीड युनिट उरतं. बादलीभर थंड पाणी उकळायला एवढी ऊर्जा पुरते. एरवी ती बॅटरीत गेली असती, पण भरलेल्या बॅटरीत जागाच नाही. त्यामुळे पाय उचलल्यावर मिळणारं ब्रेकिंग बऱ्याच गाड्यांत कमी होतं किंवा थांबतं आणि सगळा भार एरवी सुस्त पडलेल्या ब्रेकच्या डिस्कवर आणि पॅडवर येतो. म्हणून माझा आग्रह असतो, घाटमाथ्यावर चार्जिंग 80-85 टक्क्यांवर थांबवा. उरलेली बॅटरी घाट भरतो.

दुसरा महत्त्वाचा द्रव कूलंट, म्हणजे बॅटरी गार ठेवणारा. बहुतेक नव्या गाड्यांत तो बॅटरीच्या खोक्यातल्या नळ्यांतून किंवा पट्ट्यांतून फिरतो. पेट्रोल गाडीत पातळी कमी दिसली की आपण बाटलीतलं पाणी ओततो, इथे तसं करू नका. नळाच्या पाण्यातले क्षार वीज वाहून नेतात, म्हणून काही कंपन्या मुद्दाम कमी वीजवाहक कूलंट वापरतात. गळती झालीच, तर बॅटरीत शॉर्टसर्किटचा धोका कमी राहावा, हा हेतू. रंग जुळला म्हणून कूलंट एकच, असंही नसतं. मॅन्युअलमध्ये लिहिलेलाच घ्या.

एसीचंही तसंच. अनेक गाड्यांत एसीचा गॅस प्रवाशांबरोबर बॅटरीच्या कूलंटलाही गार करतो. विजेवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरची मोटर त्या गॅसात आणि त्याच्या ऑइलातच फिरत असते, त्यामुळे ते ऑइल वीजरोधक लागतं. गॅस भरताना चुकीचं ऑइल गेलं तर इन्सुलेशन कमी होतं आणि गाडी सुरूच व्हायला नकार देऊ शकते. गॅस भरणाऱ्याला गाडी इलेक्ट्रिक आहे हे आधीच सांगा. मोटरच्या गिअरबॉक्समध्येही थोडं ऑइल असतं, पण ते जळत नाही, काजळी धरत नाही. ते बऱ्याच काळानं बदलावं लागतं.

काकांच्या गाडीचा निकाल आम्ही नुसत्या रंगावर लावला नाही, कारण रंग फसवू शकतो. गॅरेजमध्ये पाण्याचं प्रमाण दाखवणारं पेनासारखं यंत्र डबीत बुडवलं. लाल दिवा लागला, म्हणजे पाणी जास्त. चारही चाकांकडून जुनं ऑइल काढून नवं भरलं, हवा काढली. बॉनेटच्या आतल्या बाजूला काकांनी एक कागद चिकटवलाय आणि त्यावर पुढच्या बदलाची तारीख लिहिलीये, दोन वर्षांनंतरची.